जुनं सागवान आणि लिलाव: काही पक्के गैरसमज

२९ मार्च २०२३ रोजी बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान मिरवणुकीनं रवाना झालं. बल्लारपूर, आलापल्ली, सिरोंचा ही नावं लाकडाच्या व्यापाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. त्या दिवसापासून ती देशभरातल्या लोकांच्या तोंडी आली. साहजिकच चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या घराघरांतल्या जुन्या अलमाऱ्या, दिवाण, पेट्या यांच्याकडे पाहण्याची नजरही बदलली. जुन्या फर्निचरच्या दुकानातून, भंगारवाल्याकडून किंवा एखाद्या कार्यालयाच्या लिलावातून स्वस्तात वस्तू उचलायची, तिची डागडुजी करायची आणि नागपूर, पुणे, मुंबईच्या बाजारात किंवा लिलावात चढ्या दरानं विकायची, हा धंदा अनेकांना खुणावतो.

मला हा धंदा चांगला वाटतो. पन्नास-साठ वर्षं वापरलेलं सागवान चुलीत जाण्यापेक्षा कुणाच्या तरी घरात उभं राहावं, याहून चांगलं काय? पण या व्यवहाराभोवती ऐकीव माहिती फार आहे. तिच्यामुळे कधी विकणारा फसतो, कधी घेणारा, आणि क्वचित दोघंही वनखात्याच्या कार्यालयात जाऊन बसतात.

‘जुनं आहे, म्हणजे सागवानच असणार’

असं मुळीच नाही. साग हे मोलाचं आणि सरकारी नियंत्रणातलं झाड. ते नियंत्रण इंग्रजांच्या काळापासूनचं आहे. गावातला सुतार घरगुती वस्तू हाताशी असलेल्या लाकडाची करायचा. त्यात बिजा असे, ऐन असे, हळदू, शिवण, आंबाही असे. वर गडद पॉलिश चढलं आणि चाळीस वर्षांचा धूर बसला की सगळी लाकडं सारखीच दिसतात. म्हणून पाहायचं ते मागच्या बाजूला, खणाच्या तळाला, पायाच्या खालच्या टोकाला, जिथं पॉलिश पोचलेलं नसतं. तिथं नखाएवढी जागा घासली की सागाचा सोनेरी तपकिरी रंग, वाढीची स्पष्ट वर्तुळं आणि तेलकट, चामड्यासारखा वास कळतो. बिजा त्याहून जड असतो. हळदू पिवळट आणि एकसारख्या पोताचा असतो. शिसम जांभळट तपकिरी, काळ्या रेघांचा आणि हाताला चांगलाच जड लागतो. जुन्या शिसमाची किंमत सागापेक्षा कमी नसते, पण शिसम आंतरराष्ट्रीय निर्बंधांच्या यादीत असल्यामुळे तो परदेशी पाठवताना वेगळे कागद लागतात.

याच्याच जोडीचा दुसरा समज म्हणजे सागाला वाळवी लागत नाही हा. लागत नाही ती गाभ्याला. सालीलगतचं पांढरं लाकूड सागाचं असलं तरी वाळवी आणि भुंगा दोघंही ते खातात. स्वस्तात केलेल्या वस्तूंत हे पांढरं लाकूड आतल्या बाजूला हमखास घातलेलं असतं. वस्तू हलवल्यावर पिठासारखी भुकटी पडली तर आत काय चाललं आहे ते समजावं.

‘माप घ्या, घनफुटाच्या भावानं गुणा, किंमत आली’

सर्वांत जास्त निराशा याच हिशेबातून होते. सहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल अलमारी बाहेरून मोजली तर २७ घनफूट भरते. पण तो सगळा पोकळ अवकाश आहे. वाळलेल्या सागाचं वजन घनफुटाला साधारण १८ किलो असतं. अलमारी ९० किलोची असेल तर तिच्यात लाकूड आहे पाचेक घनफूट. त्यातही खिळ्यांची भोकं, जोडांच्या खाचा, वाकलेल्या फळ्या वजा केल्या की पुन्हा वापरता येण्याजोगं आणखी कमी उरतं. जुनी वस्तू लाकडाच्या भावानं विकायची असेल तर वजनकाटा हा फूटपट्टीपेक्षा खरं बोलतो. आणि ती वस्तू म्हणून विकायची असेल, तर घनफुटाचा हिशेब बाजूला ठेवून तिची घडण पाहावी लागते. लाकडात लाकूड बसवून केलेले जोड, हातरंध्याच्या खुणा, मूळ पितळी कड्या, एकाच फळीची रुंद पाठ यांना दाम मिळतो. पाठीमागे प्लायवूड आणि समोर सनमायका असेल तर ‘आजोबांच्या काळातली’ ही गोष्ट कुणी ऐकून घेत नाही.

‘बल्लारपूर डेपोचं लाकूड आहे, बघा’

सरकारी लाकूड-डेपोतल्या लठ्ठ्यावर क्रमांक असतो आणि हातोड्याची खूण असते. लठ्ठा चिरला की ती खूण भुश्शात जाते. तयार खुर्चीकडे पाहून ती आलापल्लीच्या सागाची की दुसऱ्या कुठल्या, हे कुणालाही खात्रीनं सांगता येत नाही. सांगू शकतो तो फक्त कागद: डेपोचं बिल, वाहतूक परवाना, सुताराची पावती. कागद नसेल तर ते नाव घेऊन भाव वाढवू नये, आणि वाढवलेला भाव देऊही नये.

‘लाकडाचं फर्निचर झालं की वनखात्याचा संबंध संपला’

हा गैरसमज सर्वांत महागात पडतो, म्हणून इथं थोडं थांबतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये इमारती लाकडाची व्याख्या फार रुंद आहे. पडलेली वा तोडलेली झाडं तर तिच्यात येतातच, शिवाय कापलेलं, कोरलेलं, कोणत्याही कामासाठी घडवलेलं लाकूडही येतं. त्याच कायद्याच्या कलम ४१ खाली राज्य सरकार वनोपजाच्या वाहतुकीचे नियम करतं. महाराष्ट्रात त्यासाठी २०१४ ची वन नियमावली आहे. आणि कलम ६९ सांगतं की, वाद निर्माण झाला तर वनोपज सरकारचाच आहे असं धरलं जाईल, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे ‘हे माझंच आहे’ हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. गुन्ह्याचा संशय आला तर मालासोबत गाडीही जप्त होऊ शकते.

दोन खुर्च्या नागपूरला नेणाऱ्याला प्रत्येक नाक्यावर अडवतात, असा याचा अर्थ नाही. पण पाडलेल्या घराचे खांब, तुळया, फळ्या एकत्र करून टेम्पो भरला की चित्र बदलतं. जुन्या तुळईत आणि गेल्या महिन्यात चोरून तोडलेल्या सागात नाक्यावरच्या वनरक्षकानं फरक कसा करायचा? त्याला कागदच पाहावा लागतो, आणि त्यानं तो पाहावाच. या दोन जिल्ह्यांतल्या सागाची चोरी हा काही कल्पनेतला प्रश्न नाही. म्हणून घर पाडण्याआधी उभ्या घराचे फोटो काढा, ग्रामपंचायतीचा दाखला घ्या, आणि माल हलवण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन कोणता परवाना लागतो ते विचारा. माल गाडीत भरल्यावर विचारायला जाणं उपयोगाचं नाही.

या परवान्याचं वजन गडचिरोलीला वेगळं सांगायला नको. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात यायला एप्रिल २०११ उजाडला. हक्क कागदावर असूनही माल गावाबाहेर जाऊ शकत नव्हता, तो एका पुस्तकाअभावी.

‘शंभर वर्षं जुनं म्हणजे सोन्याची खाण’

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कला-कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुरावशेषांचा धंदा करायचा तर परवाना लागतो, आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. व्याख्येत आणखी एक गोष्ट आहे, जी वाडे उतरवणाऱ्यांनी नीट वाचावी: इमारतीपासून वेगळा काढलेला भागही तिच्यात येतो. जुन्या वाड्याची कोरीव चौकट, नक्षीचा खांब, देवडीचं दार हे ‘नुसतं लाकूड’ नाही. साधी, बिननक्षीची मेजं-खुर्च्या यात सहसा अडकत नाहीत. कोरीव आणि खूप जुनी वस्तू हाती आली तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवून ती पुरावशेष आहे की नाही याचा निर्वाळा घेणं शहाणपणाचं. आणि खरं सांगायचं तर, शंभर वर्षांचा दावा करणाऱ्या बहुतेक वस्तू तेवढ्या जुन्या नसतातच.

‘घासून, पॉलिश करून चकचकीत केलं की भाव दुप्पट’

यावर चंदीगडची हकीकत सांगण्यासारखी आहे. ल कॉर्बुझिए यांनी ते शहर आखलं तेव्हा त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली १९५०च्या दशकापासून तिथल्या कार्यालयांसाठी, महाविद्यालयांसाठी सागवानी खुर्च्या-टेबलं बनली. पुढं ती जुनी झाली, मोडली, आणि सरकारी लिलावात भंगाराच्या भावानं गेली. विदेशी व्यापाऱ्यांनी ती उचलली आणि युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत एकेक नग लाखो रुपयांना विकला. सरकार जागं झालं तोवर बराच माल गेला होता. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं या वारसा फर्निचरच्या विक्रीला मनाई केली. पुरावशेषांचा कायदा तिथं कामी आला नाही, कारण खुर्च्या शंभर वर्षांच्या नव्हत्या.

त्या लिलावांत भाव मिळवून देणारी एक गोष्ट होती खुर्चीच्या पाठीवर रंगानं लिहिलेलं खातं आणि क्रमांक. वस्तू कुठली, कुणाची, हे सांगणारा तो पुरावा. आपल्याकडे शाळेच्या बाकावरचा किंवा तहसील कार्यालयाच्या मेजावरचा पांढऱ्या अक्षरांतला जडवस्तू क्रमांक दुकानदार पहिल्यांदा घासून काढतो. तो काढू नका. लाखेचं जुनं पॉलिश असेल तर त्यावर चमकदार प्लास्टिकसारखा थर चढवू नका. कोरड्या फडक्यानं पुसा, ढिला जोड घट्ट करा, भुंग्यावर औषध मारा, आणि थांबा. चंद्रपूरची प्रत्येक खुर्ची चंदीगडची नव्हे, हेही तितकंच खरं. तिथं मोल रचनाकाराचं होतं, निव्वळ सागाचं नव्हतं.

‘लिलावात टाकलं की जास्त पैसे मिळतात’

लिलावात किंमत वाढते ती दुसऱ्या गिऱ्हाइकामुळे. एकच इच्छुक असेल तर वस्तू किमान किमतीला जाते किंवा परत येते. मुंबईतली लिलावगृहं विकणाऱ्याकडून कमिशन घेतात आणि घेणाऱ्याकडूनही बोलीवर वरकड रक्कम घेतात. त्यात चंद्रपूरहून मुंबईपर्यंतचं भाडं, बांधणी, वाटेतली मोडतोड धरा. साध्या अलमारीसाठी हा मार्ग परवडत नाही. तिच्यासाठी नागपूरचा ओळखीचा दुकानदार बरा.

खरेदीच्या बाजूनंही लिलावाचे नियम समजून घ्यावेत. सरकारी कार्यालयाचं सामान निर्लेखनानंतर, म्हणजे नोंदवहीतून कमी केल्यावर, जाहीर लिलावात निघतं, ते ‘आहे त्या स्थितीत, आहे त्या जागी’. पाहणीच्या दिवशी गेला नाहीत तर नंतरची तक्रार कुणी ऐकत नाही. चांगली सागवानी टेबलं बहुधा मोडक्या लोखंडी रॅकसोबत एकाच लॉटमध्ये असतात आणि लॉट पूर्ण उचलावा लागतो. वेकोलिसारख्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) केंद्रीय कंपन्यांचा निकामी माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावातून जातो. तिथं आधी नोंदणी आणि अनामत रक्कम लागते, आणि सर्वोच्च बोली लागली तरी अनेकदा कंपनीची मंजुरी मिळेपर्यंत माल तुमचा होत नाही. मुदतीत उचलला नाही तर भुर्दंड वेगळा.

कराबाबत एवढंच: जुन्या वस्तूंच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला, खरेदीवरच्या कराची वजावट घेतलेली नसेल तर, जीएसटी पूर्ण किमतीवर नव्हे, खरेदी-विक्रीच्या फरकावर भरता येतो. केंद्रीय नियमावलीतला नियम ३२ त्यासाठी आहे. पण खरेदीची पावतीच नसेल तर फरक दाखवणार कसा?

शेवटी एक विनंती मुख्याध्यापकांना, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आणि कार्यालयांतल्या भांडारपालांना. निर्लेखनाच्या यादीत ‘मोडके लाकडी सामान’ अशी एक ओळ लिहून मोकळे होऊ नका. लाकूड कोणतं, नग किती, वजन किती, क्रमांक काय, हे वेगवेगळं लिहा आणि प्रत्येकाचा फोटो लावा. सागवानी बाक लोखंडी भंगारापासून वेगळ्या लॉटमध्ये ठेवा. किमान किंमत त्या यादीवरूनच ठरते, आणि पैसा शाळेचा, गावाचा आहे.