कट् आवाज आला, पण खटका बसला का?

इंदूरच्या बर्तन बाजारात घडीची विळी घेणाऱ्या बाईकडे नीट बघा. ती धार नंतर पाहते. आधी पातं उभं करते, अंगठ्या-बोटाच्या चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवते आणि खिळ्याशी कान नेते. लटलट जाणवली की विळी परत दुकानदाराच्या हातात. खिशातल्या घडीच्या चाकूचे जगभरातले शौकीन नवा चाकू हातात आला की हेच करतात. विळी आणि चाकू ही एकाच घरातली भावंडं आहेत, कारण दोघांचाही जीव एका खिळ्यात असतो.

आता खरी गंमत. भाजी चिरताना पातं मिटत नाही ते खटक्यामुळे, असं आपण धरून चालतो. तसं नाही! विळीवर भेंडी आपण पुढे ढकलतो, त्यामुळे पातं आपल्यापासून लांब रेटलं जातं. मिटताना मात्र ते आपल्याकडे, पाटावर येतं. म्हणजे चिरण्याचा जोर पात्याला उघडंच ठेवतो. खिशातल्या चाकूने पेरू कापा, तिथेही तेच. धारेवर दाब आला की पातं पाठीच्या बाजूला जातं आणि मुळाशी असलेल्या टेकूवर जाऊन थांबतं. या सगळ्या वेळात खटका निवांत असतो.

त्याची परीक्षा होते ती पातं लाल भोपळ्यात रुतून बसल्यावर. आपण भोपळा हिसकून मागे ओढतो, पात्याच्या पाठीवर ताण येतो आणि बोटं नेमकी धारेसमोर असतात. चाकूचं टोक कशात खुपसताना, पाठीने काही ठोकताना हाच धोका. विळीच्या टोकावरच्या खवणीवर नारळाची वाटी फिरते तेव्हा जोर दर क्षणाला दिशा बदलतो. म्हणून चिरताना शहाण्यासारखी वागणारी घडीची विळी खवताना डुगडुगते. पाटावर पाय घट्ट हवा तो तेव्हा.

थोडं गणित करू. खिळ्यापासून ८ सेंटिमीटरवर, म्हणजे टोकाजवळ, पाठीवर १० किलोचा भार आला आणि खटका खिळ्यापासून फक्त ८ मिलिमीटरवर असला, तर खटक्यावर किती भार? दहापट, म्हणजे १०० किलो! एवढं ओझं पेलणारी जागा नखाएवढीसुद्धा नसते. लांब पात्याचा, बारीक खटक्याचा चाकू दिसायला रुबाबदार असला तरी मला तो हातात धरवत नाही.

खटका नसलेले चाकूही पुष्कळ आहेत. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातलं चांदीचं घडीचं हत्यार आहे, त्यात चाकूबरोबर चमचा आणि काटाही मिटतो. जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी आणखी साधा. पात्याच्या मुळाशी एक शेपटी बाहेर आलेली असते, तिच्यावर अंगठा दाबून ठेवायचा. अंगठा हाच खटका! स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सेनर यांनी १८९७ मध्ये नोंदवलेल्या अधिकाऱ्यांच्या चाकूत, म्हणजे आपल्या लाडक्या लाल 'स्विस नाइफ'च्या पूर्वजात, पातं फक्त पाठीमागच्या स्प्रिंगच्या दाबावर उभं राहायचं.

या लाल चाकूतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट स्प्रिंगच आहे. पोलादाचा कठीणपणा रॉकवेल मापात मोजतात. त्या मापावर याचं पातं ५६ च्या आसपास, तर स्प्रिंग ४९ च्या आसपास. चुकून नाही, मुद्दाम! पात्याला धार टिकवायची असते, स्प्रिंगला हजारो वेळा वाकून परत सरळ व्हायचं असतं. कठीण आणि चिवट हे दोन वेगळे गुण आहेत. काच कठीण असते, पण पडली की संपली. लोहार पातं तापवून पाणी देतो तेव्हा ते कठीण होतं, पण ठिसूळही होतं. मग तो ते पुन्हा बेताने तापवतो, थोडा कठीणपणा सोडतो आणि चिवटपणा कमावतो. हा चिवटपणा मोजायची लंबकाची चाचणी फ्रान्सच्या जॉर्ज शार्पी यांच्या नावाने ओळखली जाते. खाच पाडलेल्या तुकड्यावर जड लंबक सोडायचा. तुकडा मोडून तो पलीकडे जितका कमी उंच जाईल, तितकं पोलाद चिवट.

फ्रान्सच्याच साव्वा (Savoie) प्रांतातला लाकडी मुठीचा ओपिनेल चाकू १८९० पासून आहे, पण त्याच्या गळ्यातली फिरती कडी आली १९५५ मध्ये. कडी फिरवली की पातं मिटायची फटच बंद. इतकं साधं, इतकं भरवशाचं काम क्वचित पाहायला मिळतं. अमेरिकेत १९६० च्या दशकात बक कंपनीचा ११० नंबरचा चाकू आला. त्याच्या पाठीतली दांडी पात्याच्या खाचेत आकड्यासारखी अडकते. पुढे १९८० च्या दशकात मायकल वॉकर यांनी मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्यामागे उभी राहील अशी रचना लोकप्रिय केली.

आणि आवाज? स्पेनच्या आल्बासेते शहराचा नवाहा हा घडीचा चाकू उघडताना दातेरी खटका कटकट वाजतो. आपल्याकडे रामपुरी चाकूची गरारी, म्हणजे दातेरी खटका, तशीच वाजायची, आणि हिंदी सिनेमातल्या खलनायकाचं अर्धं काम तो आवाजच करायचा. रामपूर शहराने तर २०२३ मध्ये चौकात सुमारे २० फुटी चाकू उभारला. पण लक्षात ठेवा, भारतातल्या शस्त्र नियमांप्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं हत्यार परवान्याच्या यादीत येतं. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून सूट आहे, त्यामुळे विळीला भीती नाही. इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर मात्र छोटासा चाकूही हातातल्या पिशवीत नको, तो चेक-इनच्या बॅगेत टाका.

खटका दगा देतो तो बहुतेक वेळा पोलादामुळे नाही, कचऱ्यामुळे. खाचेत पेरूची बी, खोबऱ्याचा कीस किंवा वाळलेला रस बसला की आकडा अर्धवटच अडकतो. 'कट्' असा आवाज येतो, पण पकड नसते. दातांच्या जुन्या ब्रशने खाच घासायची, खिळ्यात खोबरेल नाही तर शिवणयंत्राचं तेल एक थेंब सोडायचं. खोबरेल थंडीत गोठतं, आणि माळव्यातल्या डिसेंबरच्या सकाळी त्याचा अनुभव येतो. पाठ टेबलावर आपटून खटका तपासायच्या भानगडीत पडू नका, त्या आपटण्यानेच तो झिजतो.

शेवटची गोष्ट डावखुऱ्यांसाठी. आतल्या पट्टीचे बहुतेक चाकू उजव्या अंगठ्याने मिटवायच्या बेताने बनतात, डाव्या हाताला ती पट्टी अवघड जागी येते. विळीला डावं-उजवं कळत नाही. पातं जागच्या जागी उभं, दोन्ही हात मोकळे.