न सांगितलेले छंद



आपल्या भाषेंत एखाद्या विषयाच्या ओढीला जीं नांवें आहेत, तीं एकदां ओळीनें उच्चारून पाहावीं. छंद, नाद, वेड, खूळ. यांतला छंद हा त्यांतल्या त्यांत सभ्य. पण तो ज्याला असतो त्याला आपण छांदिष्ट म्हणतों, आणि तें कांहीं कोणी गौरवानें म्हणत नाहीं. नाद म्हटला कीं तो ‘लागतो’, आणि लागलेला नाद सोडवावा लागतो. वेडाची आणि खुळाची तर गोष्टच नको. एक शब्द मात्र प्रतिष्ठित आहे, तो व्यासंग. परंतु तो प्राध्यापकांना, ग्रंथकारांना आणि बहुधा दिवंगतांना लावण्याची वहिवाट आहे. कारकुनाला किंवा दुकानदाराला व्यासंग नसतो. त्याला नाद असतो.

मनुष्य आपल्या आवडीविषयीं घरांत आणि चारचौघांत बोलत कां नाहीं, याचें अर्धें उत्तर या शब्दांतच आहे असें मला वाटतें. ओट्यावर किंवा जिन्यांत दोन शेजारी भेटले तर बोलण्याचे विषय ठरलेले असतात: पाऊस, महागाई, दुखणींबाणीं, मुलांचीं लग्नें, निवडणूक, क्रिकेट. या विषयांत कोणीही कांहींही बोलावें, कोणी चकित होत नाहीं. पण त्याच वेळीं एखाद्यानें आपण गेलीं वीस वर्षें निरनिराळ्या गांवच्या विहिरींच्या पायर्‍या मोजीत आहों असें सांगितलें, तर समोरचा मनुष्य प्रथम गप्प होतो, मग हंसतो, आणि अखेर विचारतो, “पण याचा उपयोग काय?” या प्रश्नाला उत्तर नसतें. उपयोग असता तर तो छंद नसता, धंदा झाला असता.

व्यसन आपण निंदेच्या भीतीनें लपवितों. छंद लपवितों तो हंशाच्या भीतीनें. आणि परक्यांच्या हंसण्यापेक्षां घरच्यांचें हंसणें अधिक लागतें. त्यामुळें अशी माणसें पुष्कळदां आपलें मन जवळच्यांना सोडून दूरच्या, कधीं न पाहिलेल्या माणसापुढें उघडें करितात. हॉलंडांतील डेल्फ्ट गांवीं आंतोनी व्हान लेव्हेनहूक नांवाचा कापडाचा व्यापारी होता. स्वतः घांसलेल्या भिंगांतून तो पावसाचें पाणी, मिर्‍याचा काढा, स्वतःच्या दांतांवरील कीट असें काय वाटेल तें पाहत बसे. सूक्ष्म जंतूंचें जग प्रथम त्याच्या दृष्टीस पडलें. ही हकीकत तो १६७३ पासून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रांनीं कळवूं लागला, आणि १७२३ सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षें, कळवीत राहिला. त्याला डच भाषेखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. पत्रांचें भाषांतर तिकडे करून घ्यावें लागे. आपल्याकडे श्रीनिवास रामानुजन् मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यांत कारकून होते, त्यांनीं १९१३ च्या जानेवारींत आपलीं सूत्रें केंब्रिजच्या हार्डी यांस पत्रानें पाठविलीं. पुढील इतिहास सर्वांस ठाऊक आहे. मला त्यांतली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. सांगण्यासारखें कांहीं तरी अंगांत दाटून आलें असतां, ज्याला तें समजेल असा मनुष्य समुद्रापलीकडे शोधावा लागला.

परंतु आज मला विशेष बोलावयाचें आहे तें आपल्याच प्रांतांतील एका शाळामास्तरांविषयीं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालीं डहाणू येथें झाला. शाळा ठाण्यास, पुढचें शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत. तेथें असतांना १९२७ सालीं त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळालें. पदवीपुढें त्यांचें शिक्षण झालें नाहीं. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळाली येथें शाळेंत शिकवीत होते. नोकरी शिक्षकाची, जीव मात्र संख्यांत. संख्यांशीं खेळण्याचा नाद त्यांना इतका होता कीं, दारूड्याला जसें पीतच राहावेंसें वाटतें तसें आपलें संख्यांच्या बाबतींत आहे, अशी उपमा ते स्वतःच देत. पाहा, ज्यानें जन्मभर एकही निंद्य गोष्ट केली नाहीं, त्यालाही आपल्या आनंदाचें वर्णन करतांना उपमा सांपडली ती गुत्त्यांतली!

त्यांची सर्वांत प्रसिद्ध संख्या ६१७४. ज्यांच्या हाताशीं कागद आणि पेन्सिल असेल त्यांनीं माझ्याबरोबर करून पाहावें. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. तेच अंक उतरत्या क्रमानें मांडून मोठी संख्या करा, चढत्या क्रमानें मांडून लहान करा, आणि मोठींतून लहान वजा करा. येईल त्या उत्तरावर पुन्हां तेंच करा. कापरेकर देवळालीस आले तें वर्ष १९३० घेऊं. ९३१० मधून ०१३९ गेले, राहिले ९१७१. आतां ९७११ मधून ११७९ वजा, ८५३२. पुढें ८५३२ मधून २३५८ वजा, आणि उत्तर ६१७४. आतां ६१७४ वर हाच प्रयोग केला तर ७६४१ वजा १४६७, पुन्हां ६१७४! गाडी शेवटच्या स्टेशनांत आली. पुढें रूळ नाहींत. कोठूनही निघा, जास्तींत जास्त सात वजाबाक्यांत या स्टेशनांत याल. गंमत अशी कीं, त्यांचें जन्मवर्ष १९०५ घेतलें तर बरोबर सातच लागतात: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४.

असें कां होतें? चार अंक उतरत्या क्रमानें मांडले कीं वजाबाकीचें उत्तर दोनच गोष्टींवर अवलंबून राहतें. पहिल्या व चौथ्या अंकांतलें अंतर ही एक, आणि मधल्या दोन अंकांतलें अंतर ही दुसरी. पहिल्या अंतराला ९९९ नें गुणावें, दुसर्‍याला ९० नें, आणि दोन्हींची बेरीज घ्यावी. वजाबाकी न करितां उत्तर हातीं येतें. १९३० मध्यें अंतरें ९ आणि २. म्हणून ८९९१ अधिक १८०, म्हणजे ९१७१. पहिलें अंतर १ पासून ९ पर्यंत असूं शकतें, आणि मधलें त्याहून मोठें असूं शकत नाहीं. अशा जोड्या मोजल्या तर ५४ भरतात. आरंभींचीं शून्यें धरून चार अंकांच्या मांडण्या दहा हजार. त्यांतून सारख्या अंकांच्या दहा वगळल्या तर उरलेली सगळी जत्रा पहिल्याच वजाबाकींत चौपन्न घरांच्या एका बोळांत शिरते. त्यानंतर कोणत्या घरांतून कोणत्या घरांत जावयाचें एवढाच प्रश्न. आणि त्यांत स्वतःकडेच परत येणारें घर एकच आहे, अंतरें ६ आणि २ यांचें. ५९९४ अधिक १८०. तीन अंकी संख्यांत असाच मान ४९५ ला मिळतो. दोन अंकींत मात्र मुक्काम नाहीं. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हां ९ अशी अखंड प्रदक्षिणा चालू राहते.

मधल्या पायर्‍या पाहिल्या तर त्या सर्व नवाच्या पटींतल्या आहेत हें चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल.

कापरेकरांनीं आपल्या संख्यांना नांवेंही किती घरगुती दिलीं! ज्या संख्येच्या अंकांची बेरीज तिला निःशेष भागते ती ‘हर्षद’, हर्ष देणारी. रामानुजन् यांच्या कथेंतील १७२९ ही हर्षदच आहे: अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिलें ९१ म्हणजे १७२९, तेथें १९ उलटून उभेच आहेत. डोंबिवलीवरून ‘डेम्लो’ संख्या आल्या, कारण त्यांची कल्पना त्या स्टेशनाशीं सुचली. संख्येंत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी म्हणजे नवी संख्या जन्मते, २१ पासून २४. पण २० अशी कोणापासूनच जन्मत नाहीं, म्हणून ती ‘स्वयंभू’, आणि गांवावरून ‘देवळाली’ संख्याही तीच.

त्यांच्या काळच्या अनेक गणितज्ञांना हें सारें क्षुल्लक वाटे. ते हंसत. कापरेकर लहान मासिकांतून लिहीत, पदराला खार लावून पुस्तिका छापीत. ६१७४ ची गोष्ट त्यांनीं १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत मांडली. परंतु १९७५ च्या मार्चमध्यें मार्टिन गार्डनर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत त्यांच्यावर लिहिलें, तेव्हां कोठें जगाला त्यांचें नांव नीट कळलें. त्या वेळीं त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षें लोटलीं होतीं, आणि निर्वाहासाठीं ते शिकवण्या करीत होते. १९८६ सालीं ते वारले.

कापरेकर हंसणार्‍यांपुढें बोलत राहिले. तें सर्वांना साधत नाहीं. मला साधलें नाहीं. कापरेकरांची हकीकत वाचल्यापासून मीही एक वही ठेवली होती. त्यांत चार अंकी संख्यांच्या वाटा, कोणती किती पायर्‍यांत पोंचते याचे तक्ते. शाळेंत ती हजेरीपटाखालीं असे, घरीं हिशेबाच्या वह्यांत. माझी पत्नी ती घरखर्चाची समजे, आणि मी तिला तसें समजूं देत असें.

२००९ च्या सुमारास माझ्या सातवीच्या वर्गांत एक मुलगा होता. आमची शाळा रेल्वेच्या रुळांपासून जवळ. एकदां तो तासाला कांहीं लिहीत होता म्हणून मीं वही ओढून घेतली. पानांमागून पानें मालगाडीच्या डब्यांचे अकरा अकरा अंकी क्रमांक, आणि कडेला लिहिलेलें, “दर डब्याला शेवटचा अंक तीननें कमी.” मीं तें मोठ्यानें वाचून दाखविलें. “हे आमचे गार्डसाहेब,” असें कांहीं म्हटलें. वर्ग खदखदून हंसला, मीही हंसलों. मुलगा हंसला नाहीं. त्यानंतर त्यानें माझ्या तासाला कधीं बोट वर केलें नाहीं.

त्यानें लिहिलेलें अगदीं खरें होतें हें मला निवृत्त झाल्यावर कळलें. त्या क्रमांकांतील पहिले दोन अंक डब्याच्या जातीचे, पुढचे दोन मालकीच्या रेल्वेचे, मग दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार अंकांचा अनुक्रमांक. आणि अकरावा अंक पडताळ्याचा. दुसर्‍या, चौथ्या, सहाव्या, आठव्या व दहाव्या अंकांच्या बेरजेची तिप्पट करावयाची, तींत उरलेल्या पांचांची बेरीज मिळवावयाची, आणि दहाची पुढची पट गांठण्यास जेवढे कमी पडतील तो अकरावा अंक. लिहितांना चूक झाली तर ती या अंकावरून सांपडते. आतां अनुक्रमांक एकानें वाढला कीं दहावा अंक एकानें वाढतो, बेरीज तीननें वाढते, म्हणून शेवटचा अंक तीननें उतरतो: ७, ४, १, आणि मग दहा उसने घेऊन ८. बारा वर्षांच्या मुलानें हें कोणी न सांगतां, रुळांच्या कडेला उभें राहून हेरलें होतें. आणि ज्याच्या स्वतःच्या टेबलावर हजेरीपटाखालीं तसलीच वही होती, त्या मास्तरानें त्याला हंसून घेतलें. मी इतका कां हंसलों असेन याचा मीं पुष्कळ विचार केला आहे. त्या वहींत मला माझें हस्ताक्षर दिसलें असावें.

त्याचा पत्ता मिळवून मीं पत्र लिहिलें. पडताळ्याचा नियम सविस्तर लिहिला, आणि माझी चूक झाली हेंही लिहिलें. उत्तर सभ्य आलें. तो एका बँकेंत आहे, सुखी आहे. वहीविषयीं त्याला कांहीं आठवत नाहीं. वर्ग हंसला होता तेवढें आठवतें.

तें पत्र मीं पत्नीला वाचून दाखविलें. मग ओघानेंच माझी वहीही तिच्यापुढें ठेवावी लागली. तिनें पानें उलटलीं, हा घरखर्च नव्हे हें तिच्या ध्यानांत आलें, आणि ती एवढेंच म्हणाली कीं मला करून दाखवा. मीं म्हटलें, कोणतेही चार अंक घे. तिनें २८६४ घेतले. स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेच्या कोर्‍या पाठीवर ८६४२ लिहून खालीं २४६८ लिहिले, वजाबाकी केली, आणि पहिल्याच फेरींत ६१७४ उभे राहिले.

“हें काय, लगेच संपलें?” ती म्हणाली, आणि तिनें दुसरी संख्या घेतली.