उपग्रहीय प्रतिमांतील आपत्तीच्या खुणा : एक वाचनप्रक्रिया

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राच्या पश्चिमेस झालेल्या भूकंपामुळे हिंदी महासागरात त्सुनामी उसळली. तीन दिवसांनी, २९ डिसेंबरला, इकोनॉस या उपग्रहाने आचे प्रांतातील ल्होकन्गा या किनारी गावाची प्रतिमा टिपली. याच उपग्रहाने १० जानेवारी २००३ रोजी टिपलेली त्या गावाची प्रतिमाही उपलब्ध होती. दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवल्या असता पहिलीतील घरे, झाडी व शेते दुसरीत जवळजवळ नाहीशी झालेली दिसतात. मध्यभागी एक पांढरी वर्तुळाकार आकृती तेवढी दोहोंत कायम आहे. ती गावातील मशीद होय. परंतु ही आकृती मशिदीची आहे, हे प्रतिमा स्वतः सांगत नाही. ते गाव ओळखणाऱ्याने सांगावे लागते. तसेच उरलेला भूभाग ओसाड नसून उद्ध्वस्त आहे, हेही दुसऱ्या प्रतिमेवरून एकटीने कळत नाही. ते पहिलीच्या आधारे ठरते.

आपत्तीविषयक साहित्य, वृत्तलेखन आणि साक्षीपर लेखन यांत उपग्रहीय प्रतिमेचा उल्लेख आता निर्विवाद पुराव्यासारखा होऊ लागला आहे. म्हणून तिचे वाचन कसे होते आणि ते कोठे अडते, हे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने समजून घेणे आवश्यक ठरते. उपग्रहीय प्रतिमेत आपत्ती दिसत नाही, तर भेद दिसतो. त्या भेदाला अर्थ देण्यासाठी स्थळाचे ज्ञान लागते आणि ज्यांच्या नाशाने भेद उमटत नाही ते या पुराव्यातून निसटतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. प्रतिमेची लिपी

उपग्रहीय प्रतिमा ही नेहमीच्या अर्थाने छायाचित्र नसते. भूपृष्ठावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे मापन लहान लहान चौकोनांत विभागून नोंदले जाते. या प्रत्येक चौकोनाला चित्रबिंदू म्हणतात. एका चित्रबिंदूत जमिनीचा जेवढा भाग सामावतो, तेवढ्याचे एकच सरासरी मूल्य प्रतिमेत उरते; त्याहून लहान वस्तू स्वतंत्रपणे दिसत नाही. या गुणाला विभेदनक्षमता अशी संज्ञा आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्या वेळी कार्यरत असलेल्या भारताच्या आयआरएस-१बी या उपग्रहावरील अधिक सूक्ष्म कॅमेऱ्याची विभेदनक्षमता सुमारे ३६ मीटर होती. म्हणजे एका चित्रबिंदूत तेराशे चौरस मीटर जमीन. गावठाणातील अनेक घरे, त्यांमधील बोळ आणि एखादे झाड या सर्वांचे मिळून एकच मूल्य. अशा प्रतिमेत घर पडले की उभे आहे, हे वाचणे शक्यच नव्हते. १९९९ मध्ये इकोनॉसने एक मीटरच्या आसपासची विभेदनक्षमता नागरी वापरासाठी खुली केली आणि २००१ मध्ये प्रक्षेपित झालेल्या क्विकबर्डने ती आणखी वाढवली. एकेका इमारतीच्या नाशाची नोंद आकाशातून होऊ लागली ती त्यानंतर.

या लिपीचे दुसरे अंग रंग हे होय. उपग्रहाचे संवेदक मानवी डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपतात. निरोगी वनस्पती जवळच्या अवरक्त तरंगांचे मोठ्या प्रमाणावर परावर्तन करतात आणि प्रचलित आभासी वर्णप्रतिमेत ते लाल रंगाने दाखवतात. त्यामुळे अनभिज्ञ वाचकाची अपेक्षा येथे उलटी ठरते. लाल रंग रक्ताचा किंवा आगीचा नसून जिवंत झाडीचा असतो. पाणी काळपट दिसते. दरड कोसळून उघडा पडलेला उतार लालीमधील फिकट निळसर-करड्या ओरखड्यासारखा उमटतो. संकेत ठाऊक नसता ही प्रतिमा वाचणे म्हणजे परक्या लिपीतील मजकूर केवळ अक्षरांच्या वळणांवरून समजून घेण्यासारखे आहे.

२. पूर्वप्रत आणि उत्तरप्रत

हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत दोन प्रती ताडून पाहिल्याशिवाय पाठभेद निश्चित होत नाही. आपत्तीच्या वाचनातही आपत्तीपूर्व व आपत्तीनंतरची अशा दोन प्रतिमा ताडून पाहाव्या लागतात. मात्र दोहोंतील प्रत्येक भेद आपत्तीचा नसतो. सूर्याचा कोन बदलला की सावल्या बदलतात, ऋतू बदलला की रंग बदलतो. कोकणात लावणीच्या दिवसांत भातखाचरे पाण्याने भरलेली असतात. मे महिन्यातील प्रतिमेशी जुलैमधील प्रतिमा ताडल्यास ती पूरग्रस्त भासतील. मुंबईतील वस्त्यांत पावसाळ्यापूर्वी छपरांवर निळी ताडपत्री घातली जाते. अन्यत्र वादळानंतरच्या प्रतिमांत अशीच ताडपत्री छप्पर उडाल्याची खूण मानली जाते. एकच चिन्ह एका ठिकाणी नुकसानीचे, तर दुसऱ्या ठिकाणी नेहमीच्या तजविजीचे असते. स्थानिक व्यवहार ठाऊक असणारा वाचक येथे अपरिहार्य ठरतो.

ताडून पाहण्याच्या या पद्धतीचे सामर्थ्य अंदमान-निकोबारच्या उदाहरणात विशेष स्पष्ट होते. २००४ च्या भूकंपाने या द्वीपसमूहाची जमीनच कलली. उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा वर उचलला गेला, तर ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, सुमारे चार मीटर खचले आणि तेथील दीपगृहाचा पायथा समुद्रात गेला. इतक्या विखुरलेल्या बेटांवर तत्काळ जाऊन मोजमाप करणे कठीण होते. संशोधकांनी प्रवाळखडकांच्या प्रतिमांचा आधार घेतला. पाण्याबाहेर दिसणारा खडक केवळ ओहोटीमुळेही उघडा पडू शकतो. म्हणून प्रत्येक प्रतिमा टिपल्याच्या क्षणी भरती-ओहोटीची पातळी काय होती, याचे गणित मांडण्यात आले. भूकंपापूर्वी पाणी खाली असतानाही जो खडक बुडालेला होता, तो भूकंपानंतर पाणी वर असतानाही उघडा दिसत असेल, तर जमीन उचलली गेली हे सिद्ध होते. याच्या उलट दिसले, तर ती खचली. अशा असंख्य लहान तुलनांतून उचललेल्या व खचलेल्या भूभागांमधील सीमारेषा आखता आली. हा निष्कर्ष कोणत्याही एका प्रतिमेत नव्हता. तो दोन प्रती आणि समुद्राचे गणित यांच्या एकत्रित वाचनातून निघाला.

३. ढगांपलीकडील नोंद

भारतातील अनेक आपत्ती पावसाळ्यात घडतात आणि त्याच काळात आकाश ढगांनी झाकलेले असते. प्रकाशावर अवलंबून असणारा संवेदक येथे निरुपयोगी ठरतो. रडार संवेदक स्वतः सूक्ष्मतरंग पाठवून त्यांचा परतलेला प्रतिध्वनी नोंदवतो. हे तरंग ढगांतून पार जातात व रात्रीही काम करतात. शांत पाण्यावरून ते आरशाप्रमाणे दुसरीकडे परावर्तित होत असल्याने पाणी रडारप्रतिमेत काळे दिसते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील साउथ ल्होनाक सरोवर फुटून तीस्ता खोऱ्यात पूर आला आणि चुंगथांग येथील धरण वाहून गेले. इस्रोने प्रसिद्ध केलेल्या रडारप्रतिमांच्या विश्लेषणानुसार २८ सप्टेंबरला सरोवराचे क्षेत्र १६७.४ हेक्टर होते. ४ ऑक्टोबरच्या सकाळी ६ वाजता ते ६०.३ हेक्टर उरले होते. शंभराहून अधिक हेक्टर पाण्याची अनुपस्थिती हीच येथे घटनेची नोंद होय. वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ रोजी दरड कोसळल्यानंतर दुसऱ्याच दिवशी भारतीय रडार उपग्रहाने प्रतिमा टिपली. तिच्यावरून सुमारे ८६,००० चौरस मीटर भाग सरकल्याचे आणि मलबा आठ किलोमीटर वाहत गेल्याचे अनुमान काढण्यात आले. त्याच जागी पूर्वीही दरड कोसळल्याची नोंद उपलब्ध होती, हेही या विश्लेषणात नमूद झाले.

रडारच्या दोन नोंदींतील तरंगांची ताडणी केली असता जमिनीची काही सेंटिमीटरांची हालचालही मोजता येते. इराणमधील बाम शहर २६ डिसेंबर २००३ च्या भूकंपात जमीनदोस्त झाले. जमिनीवर दिसणारा, पूर्वीपासून ज्ञात असलेला बाम भ्रंश यास कारणीभूत असावा, असे मानणे स्वाभाविक होते. एन्व्हिसॅट उपग्रहाच्या रडारनोंदींनी मात्र दाखवले की, खरी हालचाल त्याच्या काही किलोमीटर पश्चिमेस, भूपृष्ठावर ठळक खूण नसलेल्या एका दडलेल्या भ्रंशावर झाली होती. जमिनीवर उभ्या असलेल्या निरीक्षकाला जे दिसले नाही, ते आकाशातून वाचता आले.

४. न उमटणारा विध्वंस

याच बाम शहराने वाचनाची मर्यादाही उघड केली. तेथील पुष्कळ घरे कच्च्या विटांची होती. अशी घरे कोसळल्यावर मातीचे ढीग होतात आणि त्यांचा रंग मूळ घरापेक्षा व सभोवतालच्या जमिनीपेक्षा फारसा वेगळा नसतो. उच्च विभेदनक्षमतेच्या प्रतिमांत विश्लेषकांना रंगाऐवजी भिंतींच्या कडा आणि सावल्या यांवर विसंबावे लागते. कड पुसट झाली, सावली तुटली, तर घर पडले असे समजायचे. किल्लारी परिसरातील दगडमातीच्या भिंतींच्या माळवदी घरांनाही हेच लागू पडले असते. घर ज्या मातीतून उभे राहिले तिच्यातच मिसळून जाते, तेव्हा त्याचा नाश प्रतिमेत सर्वांत फिका उमटतो.

पक्क्या इमारतींची अडचण निराळी असते. उपग्रह प्रामुख्याने छप्पर पाहतो. खालचे मजले चिरडून वरचा स्लॅब अखंड खाली बसला, तर वरून इमारत शाबूत वाटू शकते. भिंतींना पडलेल्या भेगा, आत साचलेला चिखल, मोडलेले जिने यांपैकी काहीच छपरावरून वाचता येत नाही. आकाशातून केलेली नुकसानीची गणना प्रत्यक्ष पाहणीपेक्षा बहुधा कमी भरते, याचे हे एक मुख्य कारण. मदतीचे पहिले नकाशे याच गणनेवर तयार होतात. त्यामुळे प्रतिमेत न उमटलेले घर साहाय्याच्या यादीतही मागे पडण्याचा धोका असतो.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ही घटना प्रथम बाहेर कळली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी. बसच्या चालकामुळे, रोज दिसणारे गाव त्याला दिसले नाही. पूर्वप्रत त्याच्या स्मरणात होती, म्हणून उत्तरप्रतीतील रिकामी जागा त्याला तत्काळ वाचता आली. उपग्रहाची कार्यपद्धती तत्त्वतः याहून वेगळी नाही. फरक इतकाच की, त्याच्याजवळ गावाचे नाव नसते.

५. पहिले नाव आणि फेरवाचन

आपत्तीला दिलेले पहिले नाव तिच्या पुढील आकलनाची दिशा ठरवते. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात ऋषिगंगा व धौलीगंगा या नद्यांना अचानक लोंढा आला. दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. दोन जलविद्युत प्रकल्प उद्ध्वस्त झाले. इंग्रजी व हिंदी वृत्तांत 'ग्लेशियर फुटल्याची', तर मराठी वृत्तांत 'हिमकडा कोसळल्याची' भाषा प्रचारात आली. हिमनदीजवळील एखादे सरोवर फुटले असावे, असाही तर्क झाला. परंतु त्या दिवसाच्या व आधीच्या उपग्रहीय प्रतिमा ताडून पाहिल्यावर लोंढ्याच्या वरच्या अंगास असे मोठे सरोवर आढळले नाही. रोंटी शिखराच्या उत्तर उतारावर मात्र एक ताजा, गडद व्रण दिसला. पुढील अभ्यासातून निष्पन्न झाले की, सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक व बर्फ तेथून कोसळले होते आणि त्यातील जवळजवळ ८० टक्के भाग खडकाचा होता. घर्षणाच्या उष्णतेने बर्फ वितळून त्याचा लोंढा झाला. मागील काही वर्षांच्या प्रतिमांत त्याच जागी रुंदावत गेलेली भेगही आढळली.

हा शब्दांचा वाद नव्हे. सरोवर फुटले असे मानल्यास यापुढे सरोवरांवर लक्ष ठेवावे लागते. खडक कोसळला असे मानल्यास उतारांवर. चुकीच्या नावामुळे पुढील वेळी पहारा चुकीच्या जागी बसतो.

वाचनाच्या अधिकाराचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. १९९९ नंतर आकारास आलेल्या आणि इस्रो २००१ मध्ये सहभागी झालेल्या आंतरराष्ट्रीय सनदेमुळे मोठ्या आपत्तीत विविध देशांचे उपग्रह आपल्या प्रतिमा विनामूल्य पुरवतात. तरीही त्यांचा अर्थ कोणी व केव्हा जाहीर करावा, हे अनिर्णित राहते. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ येथील घरांना भेगा पडू लागल्या असता राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने, २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत तेथील भूभाग ५.४ सेंटिमीटर खचल्याचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. लवकरच तो संकेतस्थळावरून हटवण्यात आला, आणि परस्परभिन्न अन्वयार्थांमुळे संभ्रम निर्माण होत असल्याचे कारण देऊन राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने संबंधित संस्थांना अशी माहिती परस्पर प्रसारित न करण्याची सूचना दिली. अर्धवट वाचनाने घबराट पसरू शकते, ही भीती निराधार नव्हती. परंतु ज्यांच्या घरांच्या भिंतींवर त्या भेगा होत्या, त्यांच्यापुढे तो आकडा ठेवायचा की नाही, हा प्रश्न तांत्रिक उरत नाही.

६. समारोप

उपग्रहीय प्रतिमा विस्तार, दिशा आणि काळ यांची जी साक्ष देते, ती कोणत्याही एका वाचलेल्या माणसाला देता येणार नाही. तिच्यावाचून अंदमानची कललेली जमीन किंवा रोंटीचा व्रण एवढ्या लवकर आकलनात आला नसता. मात्र मशीद, भातखाचर, ताडपत्री, माळवद हे शब्द तिच्यापाशी नाहीत. ते तेथील माणसांच्या बोलण्यात, आठवणींत आणि लेखनात असतात. म्हणून आपत्तीविषयक साहित्याचा अभ्यास करताना प्रतिमेला अंतिम पुरावा व कथनाला केवळ भावनिक जोड मानण्याची प्रथा तपासून घ्यावी लागेल. मातीच्या घरांचा नाश जेथे प्रतिमेत फिका पडतो, तेथे कथन ही एकमेव पूर्वप्रत असू शकते. दोहोंची ताडणी करण्याचे काम सुदूर संवेदनाच्या तज्ज्ञांइतकेच साहित्याच्या अभ्यासकांचेही आहे.