भांडी वाजली तेव्हा

४ डिसेंबर २०२४. सकाळचे साडेसात वाजत आले होते. गडचांदूरच्या घरात चहाचा पहिला घोट घेतला, तोच मांडणीवरची भांडी वाजली. आमच्या गावाला याचे नवल नाही. चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडाला की तावदाने थरथरतात. कोणी मान वर करून पाहतही नाही. मीही पाहिले नाही. सौ. मात्र म्हणाली, ‘‘अहो, सुरुंगाची ही वेळ आहे का?’’

थोड्याच वेळात कळले, की तेलंगणातल्या मुलुगू भागात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आहे आणि चंद्रपूर-गडचिरोलीपासून नागपूरपर्यंत तो जाणवला आहे. शेजारचा बारावीतला मुलगा धावत आला. ‘‘काकाजी, ज्वालामुखीचे आधी समजते म्हणतात. मग भूकंपाचे का नाही?’’

प्रश्न रास्त होता. ज्वालामुखी पुष्कळदा आधी बोलतो. शिलारस वर चढू लागला की खडक तडकतात, बारीक धक्के वाढतात, डोंगर फुगतो, गंधकाचे वायू अधिक सुटतात. फिलिपीन्समधल्या पिनाटुबोच्या या खुणा शास्त्रज्ञांनी ओळखल्या, वस्त्या हलवल्या आणि १५ जून १९९१ च्या महास्फोटात हजारो जीव वाचले. ऐकले नाही तर काय होते, हे १९८५ साली कोलंबियात दिसले. नेवादो देल रुइझचा धोका आधीच नकाशावर दाखवलेला होता. पण आर्मेरो गाव रिकामे झाले नाही. सुमारे २३ हजार माणसे गेली.

भूकंपाचे तसे नाही. किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑगस्टपासून जमीन गुरगुरत होती. ऑक्टोबरात जोराचा धक्का बसला, मग सारे शांत झाले. पुढल्या वर्षी गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३ रोजी ३ वाजून ५६ मिनिटांनी, घात झाला. आता ते आधीचे धक्के इशारा वाटतात. पण डहाणू-तलासरीकडे २०१८ पासून कितीतरी धक्के बसले आणि किल्लारीसारखे काही झाले नाही. धक्के तसेच, शेवट निराळे.

बँकेत उभी हयात गेल्यामुळे मला हे कोडे ओळखीचे वाटते. हप्ता थकला म्हणून प्रत्येक कर्ज बुडत नाही. मात्र बुडालेल्या कर्जाचे खाते मागे चाळले, की थकलेला हप्ता सापडतोच. म्हणून नोंद रोज ठेवायची. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर हेच चालले आहे. गोठण्याला तर जमिनीत ३ किलोमीटर खोल छिद्र घेऊन शास्त्रज्ञ भूगर्भाची नाडी पाहत आहेत.

पण बँक नुसत्या नोंदीवर विसंबत नाही, तारणही घेते. इथे तारण म्हणजे आपले घर. किल्लारीत माणसे मारली ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि वरच्या जड माळवदांनी.

मी त्या मुलाला घेऊन परसात गेलो. आमची मागची खोली वडिलांच्या वेळची, दगड-मातीची. तिच्यावर नातवंडांसाठी एक मजला चढवायचे माझ्या मनात होते. मुलाने भिंतीच्या फटीत बोट घातले. माती भुरभुर गळली. त्याने माझ्याकडे पाहिले, बोलला काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला बोलावले. मजला चढवायला नव्हे, ती भिंत उतरवायला.