विश्लेषण : ‘आय-सेव्हन, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स’… बेताच्या पैशांत गेमिंग पीसी जुळवताना फसगत कुठे होते?

बारावीचा निकाल लागला किंवा इंजिनीअरिंगचा प्रवेश पक्का झाला की अनेक घरांत एक मागणी पुढे येते. लॅपटॉप नको, असेंबल केलेला पीसी हवा. अभ्यासही होईल आणि गेमही चालतील, हा त्यामागचा युक्तिवाद असतो आणि तो खोटाही नाही. घरून पन्नास-साठ हजार रुपये मंजूर होतात. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या ओळखीच्या दुकानात फेरी होते, कोटेशन हातात पडते आणि त्यावरचे निम्मे शब्द पैसे देणाऱ्याला कळत नाहीत. त्यातच २०२५च्या उत्तरार्धापासून रॅमचे दर भडकल्याने वर्षभरापूर्वीचे हिशेब आता जुळत नाहीत. अशा वेळी कोणत्या भागावर खर्च करायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हा प्रश्न अधिकच नाजूक झाला आहे.

‘आय-सेव्हन’ म्हणजे वेगवान, हे खरे का?

नाही. पंधरा-वीस हजारांत ‘आय-सेव्हन गेमिंग पीसी’ अशा जाहिराती सर्रास दिसतात. त्यातला प्रोसेसर बहुधा इंटेलच्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीचा, म्हणजे २०११ ते २०१३ या काळातला असतो. कार्यालयांतून निघालेल्या जुन्या संगणकांतून तो काढलेला असतो. सोबत ‘एच६१’ चिपसेटचा मदरबोर्ड मिळतो. बोर्ड नवा कोरा असला, तरी चिपसेट २०११चाच असतो.

उदाहरण घ्यायचे तर २०११चा ‘आय७-२६००’ आणि २०२२चा ‘आय३-१२१००एफ’ या दोन्हींत कोअर चारच आणि थ्रेड आठच. पण नव्या ‘आय-थ्री’चा प्रत्येक कोअर जुन्या ‘आय-सेव्हन’च्या कोअरपेक्षा जवळपास दुप्पट काम उरकतो. तीन, पाच, सात हे आकडे एकाच पिढीतली उतरंड सांगतात. दोन पिढ्यांची तुलना त्यावरून करता येत नाही. म्हणून कोटेशनवर नुसते ‘आय-सेव्हन’ लिहिलेले असेल, तर पूर्ण क्रमांक लिहून मागावा. तो सांगायला दुकानदार टाळाटाळ करत असेल, तर त्यातच बरेचसे उत्तर मिळते.

जुन्या संचाची अडचण केवळ वेगाची नाही. विंडोज १०साठीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ला अधिकृतपणे टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा व इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. ‘व्हॅलोरंट’सारखा लोकप्रिय गेम तर विंडोज ११वर टीपीएम आणि सिक्युअर बूट सुरू नसेल तर चालतच नाही. ज्या गेमसाठी हट्ट केला, तोच सुरू होत नाही म्हटल्यावर पंधरा हजारांची ‘बचत’ पाण्यात जाते.

मग पैसा प्रथम कशावर?

खरे तर यादीची सुरुवात मॉनिटरपासून व्हायला हवी, आणि नेमका तोच शेवटी, उरलेल्या पैशांत घेतला जातो. फुल एचडी पडद्यावर प्रत्येक चित्रात सुमारे २०.७ लाख बिंदू असतात. १४४० पिक्सेलच्या पडद्यावर ते ३६.९ लाख होतात आणि फोरकेवर ८२.९ लाख. एवढे बिंदू सेकंदाला ६० वेळा, १४४ हर्ट्झच्या पडद्यावर १४४ वेळा, नव्याने रंगवायचे काम ग्राफिक्स कार्डाचे असते. बेताच्या बजेटमध्ये फुल एचडीच्या पुढे जाण्याचा मोह टाळलेलाच बरा.

दुसरा प्रश्न, नेमके काय खेळायचे आहे? ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’सारख्या स्पर्धात्मक गेमचा बराचसा भार प्रोसेसरवर पडतो. त्यांना मध्यम कार्डही पुरते. ‘सायबरपंक २०७७’सारखा गेम मात्र ग्राफिक्स कार्डाचा घाम काढतो. अशा गेमसाठी मॉनिटर, कीबोर्ड आणि यूपीएस वगळून उरलेल्या रकमेतला ३५ ते ४० टक्के वाटा एकट्या ग्राफिक्स कार्डाला द्यावा लागतो. रोषणाईचे पंखे, काचेचे कॅबिनेट, पाण्याने थंड होणारा कूलर यांच्यासाठी त्यानंतर फारसे उरत नाही, आणि गेमच्या वेगाच्या दृष्टीने त्याने बिघडतही नाही.

‘४ जीबी ग्राफिक्स’ हा शब्द का फसवा?

कारण जीबी हे कार्डाच्या स्मरणाचे माप आहे, ताकदीचे नव्हे. गोदाम मोठे आहे, पण हमाल एकच आहे, अशी ही गत. ‘जीटी ७३०’ हे २०१४मध्ये आलेले कार्ड आजही ‘४ जीबी’ म्हणून विकले जाते. पडद्यावर चित्र दाखवायला ते ठीक, पण आजच्या मोठ्या गेमसाठी निरुपयोगी.

नावांतही खोच असते. ‘आरटीएक्स ३०५०’ हे कार्ड ८ जीबीमध्ये आले आणि २०२४मध्ये त्याच नावाने ६ जीबीचे दुसरे आले. फरक फक्त स्मरणाचा असेल असे वाटते. प्रत्यक्षात ६ जीबीच्या कार्डात कोअरही कमी आहेत. त्याची जमेची बाजू इतकीच, की ते ७० वॅटमध्ये भागवते आणि त्याच्या बहुतेक आवृत्त्यांना वेगळी वीजजोडणी लागत नाही. ‘आरएक्स ६५०० एक्सटी’ची तऱ्हा आणखी वेगळी. मदरबोर्डाशी बोलायला त्याला पीसीआय एक्स्प्रेसच्या चारच लेन आहेत, त्यामुळे पीसीआयई ३.०च्या जुन्या बोर्डावर त्याची कामगिरी ठळकपणे घसरते.

फुल एचडीसाठी ‘आरएक्स ६६००’ हे २०२१चे ८ जीबी कार्ड जुने झाले, तरी योग्य भावात मिळाल्यास अजून कामाचे आहे. त्याच्या वर ‘आरटीएक्स ४०६०’ आणि ‘५०६०’ येतात. इंटेलचे ‘आर्क बी५८०’ १२ जीबी स्मरण देते आणि कागदावर सर्वांत आकर्षक दिसते. पण ‘रिसायझेबल बार’ ही सुविधा बायोसमध्ये सुरू नसेल तर ते अडखळते आणि कमी ताकदीच्या प्रोसेसरसोबत त्याचा वेग घटतो, हे चाचण्यांत दिसले आहे. स्वस्त प्रोसेसर आणि हे कार्ड अशी जोडी म्हणूनच विचारपूर्वक जुळवावी लागते.

रॅम अचानक महाग का झाली?

जगातली बहुतांश डीरॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना एचबीएम आणि सर्व्हरची रॅम प्रचंड प्रमाणात हवी आहे आणि त्यात नफाही अधिक आहे. उत्पादनक्षमता तिकडे वळली आणि घरगुती ग्राहकाच्या वाट्याला टंचाई आली. २०२५च्या अखेरच्या महिन्यांत रॅमच्या किमती दुपटीहून अधिक वाढल्या. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने चालणारा आपला किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसायच बंद करण्याची घोषणा केली. एसएसडीतल्या चिपनाही या तेजीची झळ बसली आहे.

त्यामुळे प्रोसेसर आणि मदरबोर्डाची निवडही बदलते. एएमडीचा ‘एएम५’ सॉकेट २०२२मध्ये आला. त्यावर फक्त डीडीआर५ चालते, मात्र पुढची काही वर्षे नवे प्रोसेसर त्यावर बसतील. ‘एएम४’ हा २०१६पासूनचा सॉकेट आता उताराला लागला आहे, पण त्यावर डीडीआर४ चालते. घरात जुन्या पीसीतली डीडीआर४ रॅम पडून असेल, तर आजघडीला ‘एएम४’ बोर्ड आणि ‘रायझन ५ ५६००’ हा हिशेब किफायतशीर ठरू शकतो. सगळेच नवे घ्यायचे असेल आणि चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलण्याचा विचार असेल, तर ‘एएम५’साठी ताण सहन करण्यात अर्थ आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ची खाच वेगळ्या जागी असते. एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

इथेही एका आकड्याचा फरक महागात पडतो. ‘रायझन ५ ५५००’ आणि ‘५६००’ शेजारीशेजारी ठेवलेले असतात. पहिल्यात एल३ कॅशे १६ एमबी आहे, दुसऱ्यात ३२, आणि गेममध्ये तो फरक जाणवतो. रॅम १६ जीबी घ्यायची असेल तर शक्यतो आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, म्हणजे प्रोसेसरला दोन्ही वाटांनी माहिती मिळते. एसएसडी मात्र ५०० जीबीची घेऊन नंतर हळहळण्यापेक्षा एक टीबीची परवडते का पाहावे. ‘बाल्डर्स गेट ३’ हा एकच गेम दीडशे जीबी जागा मागतो.

एसएमपीएसवर बचत का नको?

कोटेशनमध्ये कमी दिसावे म्हणून सर्वांत आधी कात्री लागते ती एसएमपीएसला. ‘कॅबिनेटसोबत फ्री’ मिळणाऱ्या डब्यावर ४५० वॅट लिहिलेले असले, तरी तो प्रत्यक्षात तेवढी वीज सलग देईल याची खात्री नसते. मोठा गेम सुरू होताच पीसी बंद पडणे, आपोआप रिस्टार्ट होणे या तक्रारींचे मूळ अनेकदा इथे सापडते. आणि हलका एसएमपीएस जळताना एकटा जळेलच असे नाही.

‘८० प्लस’ ही खूण पाहावी, पण ती काय सांगते हेही जाणून घ्यावे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वाया जाते, एवढेच ती सांगते. आतले भाग किती टिकाऊ, ते ती सांगत नाही. त्यामुळे नामांकित कंपनी आणि निदान तीन ते पाच वर्षांची वॉरंटी हा निकष अधिक उपयोगी. वॅट मात्र उगाच वाढवू नयेत. ‘रायझन ५ ५६००’ ६५ वॅटच्या वर्गातला, ‘आरएक्स ६६००’ १३२ वॅटचे. या जोडीला ५०० ते ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरून उरतो. ७५० वॅटचा साधा घेण्यापेक्षा ५५०चा चांगला घेणे केव्हाही शहाणपणाचे.

यापुढचा प्रश्न घरातल्या विजेचा, ज्याचा विचार परदेशी व्हिडीओंत होत नाही. भारनियमन नसले तरी पावसाळ्यात वीज झटके देत राहते. दुकानात सहज मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. गेम सुरू असताना वरचा पीसी आणि मॉनिटर मिळून तीनशे वॅटच्या आसपास जातात. म्हणजे वीज गेल्यावर हा यूपीएस एक-दोन मिनिटांत माना टाकण्याची शक्यता. हजार-अकराशे व्हीएचा घेतला, तर निदान काम जतन करून पीसी नीट बंद करता येतो. खोलीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हेही वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. जुन्या घरांत तिसरे भोक नुसते शोभेचे असते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पुढून बंद काचेचे कॅबिनेट म्हणजे भट्टीच. तिथे पुढे जाळी असलेले साधे कॅबिनेट बरे.

जुने कार्ड घ्यावे का?

घेता येईल, डोळे उघडे ठेवून. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची ग्राफिक्स कार्डांवरची मायनिंग थांबली आणि त्यानंतर महिनोन् महिने राबवलेली कार्डे बाजारात आली. अशा कार्डाचे पंखे आणि थर्मल पेस्ट आधी थकतात. ते समोर अर्धा तास चालवून तापमान पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुसरी मर्यादा तंत्राची. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम : द डार्क एजेस’ या गेमना रे ट्रेसिंगची सोय कार्डातच असावी लागते. ‘जीटीएक्स १६६० सुपर’सारखी एके काळची लाडकी कार्डे तिथे बाद होतात.

पैसे कमीच असतील तर आणखी एक मार्ग आहे. ‘रायझन ५ ५६००जी’सारखा, आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर आत्ता घ्यायचा, चांगला एसएमपीएस बसवायचा आणि ग्राफिक्स कार्ड सहा महिन्यांनी किंवा वर्षाने आणायचे. हलके गेम तोवर चालतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असते, त्यांत ही सोय नसते. कार्डाशिवाय त्यांच्यावर पडदाच उजळत नाही.

बिल आणि वॉरंटीचे काय?

‘बिल नको असेल तर जीएसटी वाचेल’ ही ऑफर कानांना गोड लागते, कारण १८ टक्के म्हणजे साठ हजारांवर १० हजार ८०० रुपये. पण कार्ड आठ महिन्यांनी बंद पडले, तर वॉरंटीसाठी बहुतेक कंपन्या बिल मागतात. प्रत्येक भागाचा सीरियल क्रमांक बिलावर लिहून घ्यावा आणि तो खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. प्रोसेसर खोक्यातला की सुटा, ज्याला बाजारात ‘ट्रे’ म्हणतात, हेही विचारावे. सुटा स्वस्त पडतो, मात्र त्यासोबत कूलर येत नाही आणि कंपनीची थेट वॉरंटीही सहसा नसते. मग जबाबदारी उरते ती दुकानदाराच्या शब्दावर.

पीसी घरी आल्यावर काय तपासावे?

तीन गोष्टी. मॉनिटरची केबल मदरबोर्डात नव्हे, ग्राफिक्स कार्डात खोवलेली असावी; ही चूक वाटते त्यापेक्षा बरीच नेहमीची आहे. बायोसमध्ये एक्सएमपी सुरू करावे, नाहीतर ३२०० वेगाची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहते. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट पाहावा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर तिथे मुकाट्याने ६० वर बसलेला सापडतो.