अंगावरचा करंट

जानेवारीत नागोठण्यात सकाळी उत्तरेकडचा कोरडा वारा सुटतो. अशा वेळी प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उठून लोखंडी ग्रिलला हात लावला की टच्च! आमच्या काकूंचं निदान ठरलेलं, "ग्रिलला करंट उतरलाय, वायरमनला बोलवा." टेस्टर लावला तर पेटत नाही. पेटणार कसा? करंट ग्रिलमध्ये नव्हताच, तो काकूंच्या अंगावर होता.

ओळखायची खूण सोपी आहे. स्थिर विद्युत एकदाच चटका देते. लगेच पुन्हा हात लावला तर काही होत नाही. प्रत्येक वेळी झिणझिण्या येत असतील तर मात्र काकूंचं खरं, वायरमनला बोलवाच.

ही वीज घासल्यानेच तयार होते असं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. खरं तर दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकून सुटले तरी पुरे. काही विद्युतभार एकाकडून दुसऱ्याकडे जातो, घासण्याने टेकण्याच्या जागा वाढतात इतकंच. खुर्चीत बसणं म्हणजे टेकणं, उठणं म्हणजे सुटणं. म्हणून चटका उठल्यावर बसतो. चिकटपट्टी सर्रकन ओढली की ती बोटाकडे झेपावते, तिला तर कोणी घासलेलंच नसतं.

जुलैत हीच खुर्ची गप्प असते. दमट हवेतून वीज वाहून जाते, असं लोक म्हणतात. पण हवा दमट झाली म्हणून काही तारेसारखी वाहक होत नाही. खुर्चीवर, कपड्यांवर, कातडीवर ओलाव्याचा न दिसणारा थर बसतो आणि भार त्यावरून ओघळून जातो. कोकणातला माणूस थंडीत नागपूरला गेला की स्वेटर काढताना दचकतो, कारण तिथल्या कोरड्या हवेत हा थर बसत नाही.

आणि प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, मग त्यात वीज कुठली? जात नाही म्हणूनच तर साठून राहते! आमच्या गावाला हे खरं कळायला हवं. उरणहून येणाऱ्या वायूवर उभा राहिलेला इथला कारखाना आयपीसीएल कंपनीचा. ती २००७ साली रिलायन्समध्ये विलीन झाली, तरी जुन्या लोकांच्या तोंडी कारखाना अजून आयपीसीएलच. तिथे पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन तयार होतं. पिशव्या, पोती, खुर्च्या या असल्याच मालाच्या. अशा कारखान्यांत प्लॅस्टिकचा दाणा हवेच्या जोरावर पाइपातून पळवतात आणि वाटेत तो भारित होतो. म्हणून पाइप आणि सायलो यांना अर्थिंग लागतं.

चटका जाणवला म्हणजे अंगावर साधारण ३,००० व्होल्ट तरी असतात. घरातले २३० व्होल्ट जीव घेतात, मग हे कसे नाहीत? धबधब्याच्या माथ्यावरून एक थेंब पडला तर उंची मोठी, पण पाणी केवढं? घरच्या तारेमागे अख्खी नदी असते. चटका टाळायचा तर हातात किल्ली धरून तिचं टोक आधी ग्रिलला टेकवा. ठिणगी किल्लीवरून उडते, बोटाला कळतही नाही.

पण माणसाला न मारणारी ठिणगी पेट्रोलच्या वाफेला पुरते. १०,००० व्होल्टच्या ठिणगीत पाचेक मिलिज्यूल ऊर्जा असते आणि वाफ पेटायला मिलिज्यूलचा छोटासा हिस्साही बास होतो. पंपावर आग लागली की सगळ्यांचा संशय मोबाइलवर. अमेरिकेत पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने अशा आगींची प्रकरणं गोळा केली, तेव्हा मोबाइलने लागलेली एकही निघाली नाही. बऱ्याच वेळी गाडीत बसून परत उतरलेल्या माणसाने नॉझलला हात लावला होता. आपल्याकडे नॉझल पंपावरच्या पोऱ्याच्या हातात असतो, हे आपलं नशीब. फोन खिशात ठेवायचा नियम पाळावाच. पण प्लॅस्टिकचा कॅन स्कूटरवर ठेवून भरणं फोन बाहेर काढण्याहून वाईट. गोवा हायवेवरच्या एखाद्या पंपावर टँकर रिकामा होताना पाहा. आधी अर्थिंगच्या वायरीचा चिमटा टँकरला लागतो, होज नंतर.