सुट्या आणि जोडीच्या संख्या

विषम संख्या म्हटलं की 'दोनने भाग जात नाही' एवढं सांगून आपण मोकळे होतो. आज जरा आत डोकावू आणि प्रत्येकीचे मूळ अवयव मोजू. तोच अवयव पुन्हा आला तर तोही पुन्हा मोजायचा. ४५ म्हणजे ३ × ३ × ५, म्हणून तिचे अवयव तीन.

१ ते १०० मध्ये विषम संख्या ५०. त्यांतल्या २४ मूळ संख्या, म्हणजे अवयव एकच. दोन अवयवांच्या १९: ९, १५, २१ अशा ९५ पर्यंत. इथे ९१ हमखास निसटते. दिसते मूळ, पण आहे ७ × १३. तीन अवयवांच्या पाचच: २७, ४५, ६३, ७५, ९९. चार अवयवांची एकटी ८१. राहिला १, त्याला मूळ अवयवच नाही. बेरीज करून बघा, ५० भरतात.

आता अवयवांच्या जोड्या लावू. एक अवयव सुटा उरतो अशा संख्या २४ + ५ = २९; त्यांना 'सुट्या' म्हणू. काहीच उरत नाही अशा १ + १९ + १ = २१; त्या 'जोडीच्या'.

मग सम संख्या? त्यांच्यासाठी सोपी युक्ती आहे. सम संख्या म्हणजे तिच्या निम्म्या संख्येला एक २ जास्त, त्यामुळे तिचा गट निम्मीच्या बरोबर उलट. १ ते ५० मध्ये सुट्या २८, जोडीच्या २२. म्हणून १०० पर्यंतच्या सम संख्यांत सुट्या २२, जोडीच्या २८. सगळं मिळून सुट्या ५१, जोडीच्या ४९. जेमतेम का होईना, सरशी सुट्यांची.

१९१९ मध्ये जॉर्ज पोल्या यांनी अंदाज मांडला: २ पासून पुढे कुठेही थांबून मोजा, जोडीच्या संख्या सुट्यांपेक्षा जास्त कधीच भरणार नाहीत. बरोबरी चालेल. हा साधा हिशोबाचा खेळ नव्हता बरं का! हे सिद्ध झालं असतं तर त्यातून रीमानचं सुप्रसिद्ध गृहीतकही सिद्ध झालं असतं.

१९५८ मध्ये हेझलग्रोव्ह यांनी अंदाज चूक असल्याचं सिद्ध केलं, पण नेमकी संख्या न दाखवता. ती १९६० मध्ये लेहमन यांनी दाखवली, आणि सर्वांत लहान १९८० मध्ये तानाका यांनी: ९०,६१,५०,२५७. तिथवर मोजलं की जोडीच्या संख्या पहिल्यांदा पुढे जातात, तेही फक्त एकने. त्याआधीची प्रत्येक मोजणी, आपली शंभराची धरून, पोल्यांच्याच बाजूची होती.